अकरावं घर

आमचं गाव मी पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधी दोन पावसाळे ते सुप्याच्या धरणात गेलं आणि गावातली माणसं रामनगरच्या वसाहतीत आली. सिमेंटच्या पत्र्याची एक खोली, मागे न्हाणी, पुढे खाट मावेल एवढं अंगण. मी तिथला. पण कुणी गाव विचारलं की माझे वडील, आप्पा, पाण्यातल्याच गावाचं नाव सांगायचे, आणि ऐकणाऱ्यालाही ते चालायचं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमची माणसं एक दिवस काठावर जातात. त्या दिवसाला आम्ही ‘सांगणं’ म्हणतो. गावाच्या शिवेवर राखणदार आहे. मूर्ती नाही, देऊळ नाही, नुसता एक उभा धोंडा. तो हलवायचा नसतो, म्हणून गाव सोडताना त्याला तिथंच ठेवून यावं लागलं, आणि आता तोही पाण्याखाली आहे. वर्षातून एकदा काठावर उभं राहून त्याला गावातली घरं सांगायची, वरच्या अंगाकडून खालच्या अंगाकडं, क्रमानं. सांगायचा मान आमच्या घराचा. घरं तितके नारळाचे तुकडे करायचे आणि एकेक घर सांगून एकेक तुकडा पाण्यात टाकायचा. वाकड्या मेढीचं. विहिरीवरचं. फणसाबुडचं, ते आमचं. अशी दहा घरं. जे घर सांगायचं राहिलं ते राखणदार विसरतो, आणि मग त्या घरच्या माणसांना रानात काय किंवा परमुलखात काय, राखणारं कुणी नसतं. काही घरांत आता एकही माणूस उरलेला नाही, तरी तीही सांगायची.

सहा-सात वर्षांचा असेन. सांगण्याहून परतताना मी आप्पांना विचारलं, “मी कुठल्या घरात ऱ्हात होतो?”

“तू तवा न्हवतास.”

“मग राखणदाराला मी कसा म्हाईत?”

“फणसाबुडच्या घरचा तू. त्येला सगळं कळतंय,” म्हणून आप्पा पुढे चालू लागले. मला ते पटलं नाही. मी फणसाबुडी जन्मलो नव्हतो, पत्र्याखाली जन्मलो होतो. त्यानं मला पाहिलेलं नाही तर तो मला ओळखणार कसा? त्या वयात मला कशाचाही राग यायचा. अजूनही येतो, पण हल्ली त्याच्या आधी थकवा येतो आणि राग बाहेरच उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी मी चुलीतला कोळसा घेतला आणि मागच्या भिंतीवर गाव काढलं. आप्पांच्या तोंडून ऐकलेली दहाही घरं काढली, आणि फणसाच्या खालच्या अंगाला अकरावं काढलं, माझं. आता हे सगळं पाण्यात, म्हणजे माणूस यायचा तो वरून पोहतच येणार. पुढच्या दाराचा उपयोग काय? म्हणून माझ्या घराला दार छपरात केलं. मग हात थांबेना. माशाचं तोंड असलेला माणूस नांगर धरून निघाला, खेकडे विहिरीवर पाणी भरायला उभे राहिले, पाणमांजर गळ्यात घंटा बांधून पुढे चाललं. आई आली आणि म्हणाली, “भित हाय ती का पाटी?” आणि कोळसा हिसकावून चुलीत टाकला.

संध्याकाळी आप्पा लाकडाच्या डेपोवरून आले. ओंडके चढवून खांदे सोललेले असायचे. चहाची कपबशी हातात घेऊन ते भिंतीपुढे उभे राहिले. मग बोट लावून म्हणाले, “हे कुणाचं?”

“माझं.”

“आन् दार वर?”

मी कारण सांगितलं.

“पावसात गळंल की.”

“पाण्यातच हाय ते. गळंल कसं?”

त्यांनी चहा संपवला. “व्हय, ते बी खरं,” म्हणाले आणि अंघोळीला गेले. माझ्या चित्राला मिळालेली ही पहिली दाद. पुढे परदेशातल्या लोकांनी माझ्या चित्रांखाली काय काय लिहिलं, पण कुणी आधी शंका काढून मग मान्य केलं असं क्वचितच झालं.

ते चित्र पुढे मीच पुसलं. दहावीत असताना मित्र घरी येणार होते आणि मला लाज वाटली. दोन हात चुना मारला.

दहावीनंतर शिकायचं काही जमलं नाही. रामनगर म्हणजे बेळगावहून गोव्याला जाणारा रस्ता आणि त्या रस्त्यावरचे ट्रक. एका गॅरेजच्या शेडमध्ये ट्रक रंगवणारा पेंटर होता, त्याच्याकडं राहिलो. पहिलं वर्ष मी फक्त ब्रश धुतले आणि पत्र्याला पॉलिश पेपर मारला. दुसऱ्या वर्षी नंबर आले. मग कमळ, मोर, गाय-वासरू. रेघ एका दमात ओढायची, मध्ये श्वास सोडला की ती थरथरते, हे मी तिथं शिकलो आणि अजून तेच करतो. एके दिवशी पेंटर जेवायला गेलेला असताना मी एका ट्रकच्या मागच्या फाळक्यावर माझा मासेतोंड्या माणूस काढला, नांगरासकट. ड्रायव्हर आला, बराच वेळ बघत राहिला.

“ह्यो देव हाय का?”

“न्हाई.”

“मग भूत?”

“न्हाई.”

“मग पूस.”

पुसला. पेंटर म्हणाला, “गिऱ्हाइकाला वळखू येईल असं काढावं.” पण खानापूरकडच्या एका ड्रायव्हरनं ती पुसट खूण पाहून मुद्दाम तोच माणूस काढून घेतला, आणि त्याची गाडी घाटात एकदाही अडकली नाही म्हणे. मग दुसरा आला, तिसरा आला. माझे मासेतोंडे हुबळीला गेले, गोव्याला गेले. मी मात्र शेडमध्येच होतो आणि नखांतला रंग निघत नव्हता.

मधल्या काळात मिळेल ते काढलं. कुळगीकडच्या रानातल्या रस्त्याला लावायच्या वनखात्याच्या फलकांसाठी वाघ काढले. एक साहेब म्हणाले, तुझा वाघ विचार करतोय असं वाटतंय, जरा रागीट कर. केला. नाटकांचे पडदे रंगवले, त्यात रान काढायला सांगितलं की मी एवढं दाट काढायचो की नटी पुढं उभी राहिली तरी दिसायची नाही. मग बेळगावला गेलो, सिनेमाच्या आणि पुढाऱ्यांच्या मोठमोठ्या पाट्या रंगवायला. बांबूच्या परांचीवर उभं राहून एका पुढाऱ्याची मिशी काढत होतो. परांचीची दोरी सुटली आणि मी खाली आलो. पाय दोन ठिकाणी मोडला. आप्पा जन्मात बेळगावला राहिले नव्हते, ते पंधरा दिवस माझ्या खाटेशेजारी बसून होते. सकाळी पेज पाजायचे आणि दिवसभर खिडकीतून रस्ता बघायचे. जाताना एवढंच म्हणाले, “उंचावर चढायचं काम सोड.”

सोडावं लागलंच नाही, ते कामच गेलं. मी चालायला लागेपर्यंत फ्लेक्सची मशीन आली होती. रंगाचे डबे तसेच वाळले. मी एका सायबर कॅफेत तासावर बसून कॉम्प्युटरवर रंग लावायला शिकलो. शिकवणारं कुणी नव्हतं, विचारणारंही नव्हतं. माऊसनं रेघ ओढणं म्हणजे साबणाच्या वडीनं लिहिणं. वर्षभरानं कॉम्प्युटरला जोडायची जुनी पेनाची पाटी घेतली आणि हात पुन्हा हातासारखा झाला. जगात कुठंतरी लोकांना पंखांचे साप, बुडालेली नगरं, शिंगांच्या राण्या लागतात आणि त्यासाठी ते माणसं शोधत असतात, हे मला तिथं कळलं. मला वाटलं होतं असला वेडेपणा माझ्या एकट्याचाच.

आई गेली तेव्हा मी रामनगरला परत आलो आणि मग इथंच राहिलो. आप्पांची धाकटी बहीण, माझी आत्ती, नवरा गेल्यावर आमच्याकडंच आली होती. तिघंच घरात. मागं नव्यानं बांधलेल्या खोलीत मी पुस्तकांची मुखपृष्ठं काढायचो, पत्त्यांच्या खेळातले राक्षस काढायचो. लाईट जायची, नेट जायचं, मग मोबाईल घेऊन शेजारच्या गच्चीवर उभा राहून चित्रं पाठवायचो. आप्पांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता, त्यांना पडद्यावरचं काही धड दिसायचं नाही. पण संध्याकाळी चहाच्या वेळी विचारायचे.

“आज काय काढलंस?”

“ड्रॅगन.”

“म्हंजे?”

“पंखाची सुसर.”

“उडती व्हय?”

“व्हय.”

“मग पाय कशाला चार?”

दुसऱ्या दिवशी मी दोन पाय काढून टाकायचो आणि गिऱ्हाईक ते परत लावायला सांगायचं. डोळे जरा आणखी निळे करा. खवले आणखी चमकवा. मनगट रात्रंदिवस ठणकायचं. एका सुसरीच्या अंगावर किती खवले असतात हे मोजायचं मी सोडून दिलं होतं. लहानपणी जे करताना कोळसा हिसकावून घ्यावा लागायचा, ते करायला आता मी सकाळी चहा पिऊन नाइलाजानं बसत होतो. हे कुणाला सांगता येत नाही. लोक म्हणतात, आवडीचं काम मिळालंय, नशीबवान आहेस. असेन.

सांगण्याला मी किती तरी वर्षं गेलो नव्हतो. कामाचं निमित्त असायचं. खरं म्हणजे दिवसभर परक्यांसाठी बुडालेली गावं काढायची आणि मग आपलं बुडालेलं गाव बघायला जायचं, हे मला सोसत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मात्र गेलो, आणि गेलो तोही कामासाठीच. एका मुखपृष्ठावर बुडालेलं नगर हवं होतं आणि मला पाणी ओसरल्यावरच्या चिखलाचे, वाळलेल्या खोडांचे फोटो पाहिजे होते.

आप्पा सांगणाऱ्याची काठी धरून उभे राहिले. आत्तीनं तुकड्यांचं ताट धरलं. दहा घरं झाली. मी तिकडं मोबाईल धरून एका खोडापाशी वाकलो होतो. तेवढ्यात आप्पांनी ताटातून आणखी एक तुकडा उचलला आणि म्हणाले, “आन् ते एक, फणसाच्या खालच्या अंगाचं.”

मी सरळ उभा राहिलो. फणसाच्या खालच्या अंगाला काही नव्हतं. तिथं फक्त मी कोळशानं काढलेलं घर होतं.

हल्ली आप्पा छत्री कुठं ठेवली ते विसरायचे, आत्तीला आईच्या नावानं हाक मारायचे. मला वाटलं, आता गावही विसरायला लागले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत माझं चित्र शिरलं. आयुष्यभर मी नसलेलं काढून पोट भरलं होतं. ही दहा घरं तेवढी खरी होती, तीही मी पाहिलेली नव्हती, आप्पांच्या तोंडून घेतलेली होती. तिथंही मीच घाण करून ठेवली असेल तर?

शांतपणे बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी सगळ्यांच्या देखत ओरडलो, “आप्पा, घरं धाच हायत! ते अकरावं मी भितीवर काढलं हुतं. राखणदाराला खोटं काय सांगताय?”

वसाहतीतली पंधरा-वीस माणसं होती. कुणी माझ्याकडं बघेना. आप्पांनी हातातला तुकडा पाण्यात टाकला नाही, ताटातही ठेवला नाही. सदऱ्याच्या खिशात घातला. मग अंदाजानं माझ्याकडं वळून काठी पुढं केली.

“बरं. मग फुडल्या वर्सापासनं तूच सांग,” म्हणाले.

चार दिवसांनी आत्ती मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. धुवायला काढलेला आप्पांचा सदरा तिच्या हातात होता. खिशाला मुंग्या लागल्या होत्या. तिनं तो खोबऱ्याचा तुकडा माझ्या टेबलावर, पेनाच्या पाटीवरच ठेवला.

“तुला काय वाटलं, इसरला त्यो?”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“तू परांचीवरनं पडलास न्हवं, त्या वर्सापासनं सांगतोय. दवाखान्यातनं आला आन् मला म्हनला, पोरगं न्हानपणी म्हनलं हुतं, राखणदाराला मी म्हाईत न्हाई. म्हनला, मी हसण्यावारी नेलं. सांगाय पायजे हुतं.”

“बाकीच्यांस्नी म्हाईत हुतं?”

“सगळ्यांस्नी. दरवर्सी अकरा तुकडं मीच करती की. तूच तेवढा यायचा न्हाईस.” ती सदरा घेऊन गेली.

मी तुकड्यावरच्या मुंग्या बघत बसलो. मला वाटत होतं, माझी चित्रं आमच्या घरात कुणी चित्रं म्हणून पाहिलीच नाहीत. आणि इथं माझं एक चित्र वर्षानुवर्षं खरं धरून चालवलं जात होतं, आणि मी ते दुसऱ्यांदा पुसलं होतं.

माफी मागायची होती. रोज ठरवायचो. आप्पा अंगणात खाटेवर बसलेले असायचे, मी चहा घेऊन जायचो, आणि “साखर बरी हाय का” एवढंच विचारून परत यायचो. त्यांनी मनात धरून ठेवल्यासारखं काही केलं नाही. जेवायचे, हसायचे, आत्तीशी भांडायचे. फक्त ‘आज काय काढलंस’ हे विचारायचं त्यांनी सोडलं. पहिले काही दिवस मला बरंच वाटलं. मग चार वाजले की मी कान देऊन बसायला लागलो. त्या उन्हाळ्यानंतर पाऊस झाला, भात झालं, थंडी गेली, पण त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी विचारलं असतं तरी सांगण्यासारखं फारसं नव्हतं. आता यंत्रच चित्रं काढतं. गिऱ्हाईक चार शब्द लिहितं आणि पंखांची सुसर तयार. एका जुन्या गिऱ्हाइकानं मला असंच एक चित्र पाठवलं. बुडालेलं गाव, माशांची तोंडं, सगळी रंगाची तऱ्हा माझी. बघून मला क्षणभर वाटलं की हे मी काढलंय आणि विसरलोय. खाली लिहिलं होतं, बोटं तेवढी नीट करून द्या. एका हाताला सात बोटं होती. मी ती पाच करून दिली. काही वाटलंही नाही, हेच मला जास्त लागलं.

सांगण्याचा दिवस आला. त्या वर्षी पाणी नेहमीपेक्षा खाली गेलं होतं, पण गावापर्यंत नाही. आप्पांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मी त्यांना हात धरून उतरवलं आणि एका खोडावर बसवलं. नारळ मीच फोडला. तुकडे करताना आत्ती माझ्या हाताकडं बघत होती. मी अकरा केले.

मी काठी घेऊन उभा राहिलो. वाकड्या मेढीचं. विहिरीवरचं. फणसाबुडचं. नावं पाठ होती, चुकलो नाही. प्रत्येक तुकडा पडला की मागे माणसं एकदम ‘व्हय’ म्हणायची. दहावं घर झालं आणि मी थांबलो. ताटात एक तुकडा राहिला होता. इतकी वर्षं मी नसलेल्या गोष्टी विकल्या, एकदाही जीभ अडखळली नाही, आणि आता हे एक घर तोंडातून बाहेर पडेना. मी तुकडा उचलला.

“आन् ते एक,” मी म्हणालो. “फणसाच्या खालच्या अंगाचं.”

मी हात मागे नेला, एवढ्यात खोडावरून आप्पांचा आवाज आला.

“दार छपरात हाय म्हणून सांग. न्हाईतर त्येला गावायचं न्हाई.”

मी तसं सांगितलं आणि तुकडा पाण्यात टाकला.